विषारी हवेचे संशोधक : जॉन स्कॉट हाल्डेन

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. अडाण नदीच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा प्रदेश. कापूस, तूर आणि ज्वारी ही येथील नेहमीची पिके. चैत्र-वैशाखात विहिरींचे पाणी तळाला जाते आणि मग गाळ काढण्याची कामे निघतात. बरेच दिवस न वापरलेल्या खोल विहिरीत माणूस उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडण्याची चाल आपल्या खेड्यांत फार जुनी आहे. कंदील तेवत राहिला, तर माणूस उतरे. तो विझला, तर काम थांबे. धान्याच्या पेवाचीही तीच रीत होती. जमिनीखालचे पेव उघडले, की त्याचे तोंड पुष्कळ वेळ मोकळे ठेवीत आणि आतली कोंदट हवा निघून गेल्यावरच माणसे आत उतरत.

ही रीत अनुभवातून आलेली होती; परंतु कंदील का विझतो, हे सांगणारे कोणी नव्हते. कोणी म्हणे विहिरीत भूत आहे, कोणी म्हणे विहीर बळी मागते. त्याहून मोठी अडचण अशी, की कधी कधी कंदील विझत नसे, तरीही माणूस वर येत नसे. केवळ विहिरीच नव्हेत, तर खाणी, गटारे, टाक्या, जहाजांची कोठारे अशा सर्व बंदिस्त जागांत जगभर शेकडो माणसे अशीच मरत होती. हा अदृश्य शत्रू कोण, तो कसा मारतो आणि त्याला कसे ओळखावे, हे शोधण्यासाठी ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य वेचले, त्याचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. घराणे जुने व सुखवस्तू होते. वडील कायद्याच्या व्यवसायात होते. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनच्या राजकारणात मोठ्या पदाला चढले. धाकट्या जॉनने मात्र वैद्यकाचा मार्ग धरला. १८८४ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनी मिळवली. परंतु दवाखाना थाटून रोग्यांची वाट पाहत बसणे त्यांच्या मनाला रुचले नाही. माणूस आजारी पडल्यावर औषध देण्यापेक्षा तो आजारी का पडतो, हे पाहणे त्यांना अधिक मोलाचे वाटत असे.

त्या काळी स्कॉटलंडमधील डंडी हे शहर तागाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. बंगालमधून गेलेला ताग तेथे कातला व विणला जाई. हजारो मजूर एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. या घरांतील आणि शाळांतील हवा कशी असते, याची तपासणी करण्याचे काम हाल्डेन आपल्या सहकाऱ्यांबरोबर करू लागले. झोपलेल्या माणसांच्या श्वासाने हवा सर्वांत अधिक दूषित होते, म्हणून ही मंडळी मध्यरात्रीनंतर घरोघर जाऊन काचेच्या भांड्यांत हवेचे नमुने घेत. पुढे ते शहराच्या गटारांतही उतरले. हवेतील दोष घरी बसून कळत नाहीत. जेथे माणूस श्वास घेतो, तेथेच जाऊन पाहिले पाहिजे, हा धडा ते येथे शिकले आणि जन्मभर विसरले नाहीत.

१८८७ मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठात आले. तेथे त्यांनी माणसाच्या श्वसनाचा अभ्यास आरंभला. आपल्या सभोवतालच्या हवेत सुमारे एकवीस टक्के प्राणवायू असतो. बाकीचा बहुतेक भाग नायट्रोजनचा असतो आणि कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा असतो. आपण श्वास घेतो तेव्हा प्राणवायू रक्तात मिसळतो आणि उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एखाद्या बंद जागेत माणूस बराच वेळ राहिला, तर काय होईल? हे पाहण्यासाठी हाल्डेन यांनी एक हवाबंद पेटी करविली आणि तिच्यात ते स्वतःच बसले. आतली हवा हळूहळू बिघडत चालली. त्यांना धाप लागली, डोके दुखू लागले. तरी आपल्या शरीरात होणारा प्रत्येक बदल ते टिपत राहिले.

या प्रयोगांतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. माणसाला धाप लागते, ती मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. यात मोठा धोका दडलेला आहे. एखाद्या जागी प्राणवायू नाहीसा झाला असेल, परंतु कार्बन डायऑक्साइड वाढला नसेल, तर तेथे जाणाऱ्याला धाप लागत नाही, गुदमरल्यासारखेही होत नाही. शरीर कोणतीच सूचना देत नाही. माणूस चालता चालता एकदम कोसळतो आणि तेथेच संपतो. आपल्याला त्रास झाला तर आपण वेळीच परत फिरू, असे ज्याला वाटते, त्याची ही फसगत असते.

१ जुलै १८९५ रोजी लंडनच्या पूर्वेस ईस्ट हॅम या गावी एक भीषण अपघात घडला. तेथे सांडपाणी उपसण्याचे केंद्र होते. एक कामगार गटाराच्या विहिरीत कामासाठी उतरला आणि तळाशी कोसळला. त्याला वाचवण्यासाठी दुसरा उतरला, तोही पडला. मग तिसरा गेला, चौथा गेला, पाचवा गेला. आपला सोबती खाली तडफडत असताना वर उभे राहणे कोणालाच साधले नाही. पाहता पाहता पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील चौघे केवळ दुसऱ्याला वाचवण्यासाठी गेले होते. इतरांसाठी प्राण देणाऱ्या सामान्य माणसांचे एक स्मारक लंडनमधील पोस्टमन्स पार्क या बागेत आहे. तेथील एका फरशीवर या चौघांची नावे आजही वाचावयास मिळतात.

या मृत्यूंचे कारण शोधण्याचे काम हाल्डेन यांनी केले. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे या माणसांचा बळी हायड्रोजन सल्फाइड या वायूने घेतला होता. मैला व सडका पालापाचोळा जेथे साचून राहतो, तेथे हा वायू तयार होतो आणि साचलेला गाळ ढवळला, की तो एकदम मोकळा होतो. त्याला कुजलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी असते. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. दुर्गंधी गेली, म्हणून माणसाला हायसे वाटते आणि त्याच क्षणी मृत्यू अगदी जवळ आलेला असतो. ईस्ट हॅमच्या त्या माणसांत धैर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती ज्ञानाची. पुढल्या माणसाचा घात ज्या हवेने केला, तीच हवा आपलाही घात करील, हा विचार करण्यास त्यांना वेळ मिळाला नाही.

त्याच वर्षी हाल्डेन एका दुसऱ्या विषाच्या मागे लागले होते. ते म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड किंवा तेल अर्धवट जळाले, की हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातील तांबडे द्रव्य फुप्फुसातून प्राणवायू उचलून सर्व शरीराला पोहोचविते. परंतु या द्रव्याला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेपटींहून अधिक असते. त्यामुळे हवेच्या हजार भागांत या विषाचे दोन-तीन भाग मिसळले, तरी तास-अर्ध्या तासात माणूस बेशुद्ध होतो. हाल्डेन यांनी हा वायूही स्वतःच हुंगून पाहिला. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग त्याने व्यापला, तोवर ते आपले रक्त तपासत होते आणि लक्षणे टिपत होते. पाय लटपटू लागले, विचार अडखळू लागले, तेव्हाच ते थांबले. जो धोका दुसऱ्याला पत्करावा लागतो, तो आधी आपण पत्करून पाहावा, असा त्यांचा बाणा होता.

या अभ्यासाचा उपयोग लवकरच झाला. २७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत मोठा स्फोट होऊन ५७ माणसे व मुले मरण पावली. ही सर्व माणसे स्फोटाच्या दणक्याने व आगीने मेली, असा सर्वांचा समज झाला. हाल्डेन तेथे गेले. त्यांनी प्रेते नीट पाहिली आणि रक्ताची परीक्षा केली. कित्येकांच्या अंगावर प्राणघातक जखम नव्हती आणि त्यांचे रक्त मात्र गुलाबी-लाल झाले होते. ती कार्बन मोनॉक्साइडची खूण होती. बहुतेक माणसे स्फोटातून वाचली होती. त्यांना मारले ते स्फोटानंतर पसरलेल्या विषारी हवेने. याचा अर्थ स्पष्ट होता. त्या हवेची सूचना वेळीच मिळाली असती, तर पुष्कळांचे प्राण वाचले असते. तिला शोधण्यासाठी खाली उतरणाऱ्या मदतनीसांनाही त्या सूचनेची तितकीच गरज होती.

मग ही सूचना कोणी द्यावी? कंदील या कामी निरुपयोगी होता. माणसाला मारण्यास पुरेसा कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेतही ज्योत शांतपणे जळत राहते. हाल्डेन यांना ठाऊक होते, की उंदीर, चिमणी यांसारखे लहान प्राणी फार जलद श्वास घेतात. त्यामुळे विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या कितीतरी आधी दिसतो. म्हणून मदतनीसांनी आपल्याबरोबर असा लहान प्राणी न्यावा, असे त्यांनी सुचविले. अनुभवाअंती कॅनरी नावाचा पिवळा पक्षी या कामास सर्वांत सोयीचा ठरला, कारण विष लागताच तो दांडीवरून खाली पडतो आणि ते अंधारातही चटकन लक्षात येते. १९११ पासून ब्रिटनमधील खाणींच्या मदतकेंद्रांत असे पक्षी ठेवण्याची रीत कायद्याने आली. पुढे त्यांच्या पिंजऱ्याला प्राणवायूचे लहानसे नळकांडे जोडण्याची सोय झाली. पक्षी मूर्च्छित झाला, की पिंजऱ्याचे दार लावून प्राणवायू सोडीत आणि तो पुन्हा शुद्धीवर येई. १९८६ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायुमापक यंत्रांनी त्यांची जागा घेण्याचे ठरले, तोपर्यंत या चिमुकल्या पक्ष्यांनी खाणकामगारांची सोबत केली.

खाणींत आणखीही वायू असतात. एक असतो मिथेन. तो हवेहून हलका असल्यामुळे छताजवळ साचतो आणि ठिणगी पडताच पेट घेतो. अशा जागी उघडा कंदील नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रणच होय. दुसरी असते खाणकामगारांची काळी हवा. ती कोठून येते, हे हाल्डेन यांनी दाखवून दिले. कोळसा व लाकूड हवेतील प्राणवायू हळूहळू शोषून घेतात आणि मागे नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड उरतात. ही जड हवा खालच्या पोकळीत बसून राहते. जुन्या विहिरीत कंदील विझतो, तोही असाच प्राणवायू नाहीसा झाल्यामुळे.

हाल्डेन यांचा पुत्र जॅक लहानपणापासून वडिलांबरोबर हिंडत असे. एकदा त्यांनी या लहान मुलाला कोळशाच्या खाणीत नेले. एका ठिकाणी छत उंच होते आणि तेथे मिथेन साचला होता. वडिलांनी मुलाला उभे राहून पाठ असलेले नाटकातील भाषण म्हणावयास सांगितले. मुलाने चार ओळी म्हटल्या, इतक्यात त्याला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीजवळची हवा चांगली होती. तेथे पडताच तो सावरला. एकाच जागेत वरची हवा एक आणि खालची दुसरी असू शकते, हे त्या मुलाला पुस्तकाविना समजले. अर्थात हा धडा देताना वडील शेजारी होते आणि त्यांना त्या हवेची पूर्ण पारख होती. असा प्रयोग दुसऱ्या कोणी करू नये.

पुढे हाल्डेन समुद्राकडे वळले. खोल पाण्यात काम करणारे पाणबुडे वर आल्यावर सांध्यांच्या असह्य वेदनांनी तळमळत आणि काही मरतही. खोलवर दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस एकदम वर आला, की सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे ते रक्तात उठतात. हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले आणि पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर कसे यावे, याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. या संशोधनाच्या काळातच तेरा वर्षांचा जॅकही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरला होता. तो पोशाख त्याला मोठा होत असल्याने आत पाणी शिरले, तरी तो धीराने तळापर्यंत जाऊन परत आला.

एप्रिल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्र येथे जर्मन सैन्याने विषारी वायू सोडला. हाल्डेन लगोलग फ्रान्समध्ये गेले, तो वायू क्लोरीन असल्याचे त्यांनी निश्चित केले आणि सैनिकांसाठी मुखवटे तयार करण्याच्या कामी लागले. त्याही वेळी ते स्वतः क्लोरीनच्या हवेत श्वास घेऊन पाहत असत. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक देऊन त्यांचा गौरव केला. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तरीही तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मजुरांना उष्माघात का होतो, हे पाहण्यासाठी ते इराणकडच्या रखरखीत प्रदेशात गेले. परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे पुत्र जॅक पुढे जे. बी. एस. हाल्डेन या नावाने थोर जीवशास्त्रज्ञ झाले. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

भारतातही श्रमिकांच्या जिवाची काळजी वाहणारी माणसे झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले आणि तेथील कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये कारखान्यांचा कायदा केला. त्याच्या छत्तिसाव्या कलमात टाकी, खड्डा, नळ, धुराडे अशा बंदिस्त जागांसंबंधीचे नियम घालून दिले गेले. विषारी वायूचा संभव असलेल्या जागी बाहेर पडण्यास पुरेसे मोठे तोंड असल्यावाचून कोणी शिरू नये. आतला वायू काढून टाकावा. जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून जागा निर्धोक असल्याचा लेखी दाखला द्यावा. नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनाचे साधन लावावे, कमरेला पट्टा बांधावा आणि त्या पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, असे ते नियम होते. २०१३ च्या कायद्याने गटारांची व मैल्याच्या टाक्यांची सफाई संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाकडून करवून घेण्यास बंदी केली.

या प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी मरण आहे. हवा आधी तपासावी, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि नाक फसवते. कंदिलावर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडमध्ये तो विझत नाही आणि मिथेनमध्ये तो स्फोट घडवतो. तेलावर चालणारे पाण्याचे इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये, कारण त्याच्या धुरातून तेच विष तळाशी साठते. दोर बाहेरच्या माणसाच्या हाती असावा, म्हणजे आतला माणूस पडला तरी दुसऱ्याने खाली न उतरता त्याला वर ओढता येते. आणि सर्वांत अवघड नियम हा, की खाली कोणी कोसळलेला दिसला, तर आपण त्याच्यामागे उडी घेऊ नये. आरडाओरडा करून माणसे जमवावीत, साधने मागवावीत, वरून ताजी हवा खाली पोहोचवावी. असे करणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. ईस्ट हॅमच्या त्या चौघांनी आपले प्राण देऊन हेच जगाला शिकविले आणि हाल्डेन यांनी त्या मरणाचा अर्थ उलगडून दाखविला.

आजही उन्हाळ्यात बोरी अरबच्या शिवारात विहिरींचे पाणी तळाला जाते आणि गाळ काढावा लागतो. वणीकडे, याच यवतमाळ जिल्ह्यात, कोळशाच्या खाणी आहेत. शहरांत गटारे आणि टाक्या आहेत. अशा प्रत्येक जागेच्या तोंडाशी उभे राहून खाली उतरण्यापूर्वी जो माणूस क्षणभर थांबतो, हवा तपासून घेतो आणि दोराचे टोक विश्वासू सोबत्याच्या हाती देतो, तो हाल्डेन यांचे नाव जाणत नसेल. तरी त्यांच्या श्रमांचे फळ त्याच्या पदरी पडते. संध्याकाळी तो सुखरूप घरी परततो, हेच त्या संशोधकाचे खरे स्मारक होय.